अडीच आणि सव्वा

सकाळपासून वारा सुटला होता. नुसता वारा असता तर चाललं असतं, पण हा रस्त्यावरची सगळी माती बरोबर घेऊन हिंडत होता. संस्थेच्या खोलीचं पत्र्याचं दार आपटत होतं. भिंगबाईंनी आल्या आल्या दाराला विटेचा टेकू दिला, दोन्ही खिडक्यांना ओल्या चादरी अडकवल्या, परातीत कोमट पाणी ओतून साबणाचा चुरा विरघळवला आणि पहिले वीस चष्मे बुडवले. वाऱ्याच्या दिवशी धुणं सोपं, वाळवणं अवघड. काचेवर मातीचा एक कण बसला आणि त्यावरून फडकं फिरलं, की ओरखडा उठलाच. "आपल्याला तो एकदाच दिसतो," त्या नव्याने आलेल्यांना सांगायच्या. "ज्याला चष्मा मिळतो त्याला जिथं बघेल तिथं तोच दिसतो. बायकोच्या तोंडावरसुद्धा."

भिंगबाई हे नाव संस्थेच्या ड्रायव्हरनं ठेवलेलं. त्याला स्वतःला सगळे हॉर्न म्हणत, कारण गाडीचा हॉर्न बिघडल्यापासून तो खिडकीतून मुंडकं काढून तोंडानंच ओरडायचा. बाईंना नावाचं काही वाटलं नाही. सतरा वर्षं भिंगंच धुतली होती, दुसरं काय म्हणणार?

संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. कचेऱ्यांत, दवाखान्यांत, मोठ्या दुकानांत पत्र्याच्या पेट्या ठेवलेल्या. लोक आपले जुने चष्मे त्यांत टाकत. पेट्या खोलीवर आल्या की धुवायचं, यंत्राखाली धरून नंबर काढायचा, स्क्रू आवळायचे, पाकिटात घालून वर नंबर लिहायचा, वहीत नोंद करायची. मग शुक्रवारी गाडी लांबच्या वस्त्यांवर जायची. तिथं डॉक्टर नाही, चष्म्याचं दुकान नाही, आणि असतं तरी त्याची पायरी चढायची कुणाची ऐपत नाही. डोळे तपासायचे, त्या नंबराचं पाकीट शोधायचं, चष्मा नाकावर चढवायचा आणि माणसाला मोकळं करायचं.

पेटी उघडली की देणारा माणूस कळतो, असं बाईंचं मत. कुणी धुऊन, पुसून, वर चिठ्ठी लावून द्यायचं. कुणी एकाच काडीचा चष्मा टाकायचं, जणू वस्तीतल्या माणसाला एकच कान असतो. पोहायचे चष्मे यायचे, बाहुलीचे यायचे. एकदा तर चक्क कवळी निघाली होती. ती चिमट्यात धरून बाईंनी मॅडमना विचारलं होतं, "हिचा नंबर काय लिहू?"

मॅडम म्हणजे डोळे तपासणाऱ्या. वयानं बाईंच्या मुलीएवढ्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याजवळ अक्षरांचा तक्ता होता. वस्तीतले निम्मे लोक तक्त्यापुढे गप्प उभे राहायचे. दिसत नाही म्हणून नाही, वाचता येत नाही म्हणून, आणि ते सांगायची लाज म्हणून. तेव्हा बाईंनीच मॅडमच्या बॅगेत एक सुई आणि दोऱ्याचं रीळ टाकलं. "चष्मा लावा आणि ओवायला सांगा. ओवली, की नंबर बरोबर." तेव्हापासून संस्थेचा शेवटचा तपास सुईचा. सुईपुढे सगळे शिकलेले.

त्या गुरुवारी, वाऱ्याच्या सकाळी, बाईंच्या पिशवीत, डब्याच्या बाजूला, रुमालात गुंडाळलेला आणखी एक चष्मा होता. तो दानाचा नव्हता. तो घड्याळजींचा होता.

घड्याळजी म्हणजे बाईंचे यजमान. बाजाराच्या तोंडाशी एका जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक काचेचं कपाट आणि एक स्टूल. तिथं बसून त्यांनी अख्ख्या गावाची वेळ जाग्यावर ठेवली. माणूस अबोल. दिवसभर कान घड्याळाला लावून बसायची सवय, त्यामुळे घरात कुणी बोललं तरी आधी क्षणभर ऐकत राहायचे, मग उत्तर. काळ्या जाड फ्रेमचा त्यांचा चष्मा. उजवी काडी कानाशी तुटली तेव्हा त्यांनी केसासारखी बारीक तांब्याची तार तिच्यावर अशी काही गुंडाळली, की वेढे मोजावेत. पण तिच्याच बिजागरीचा स्क्रू मात्र कायम ढिला. चष्मा नाकावरून सारखा घसरायचा. बोटांना तेल लागलेलं, म्हणून ते मनगटाची मागची बाजू वर नेऊन चष्मा सारायचे, आणि सारताना नाक जरासं मुरडायचे. दिवसातून पन्नास वेळा.

"अहो, एवढासा स्क्रू तो! तुमच्या हाताशी सगळे पेचकस. आणि नसेल होत तर माझ्याकडे द्या, मी संस्थेतून आवळून आणते."

"घरात संस्था आणू नकोस," ते म्हणायचे. "जन्मभर लोकांचे स्क्रू आवळले. आपला एक राहू दे मोकळा."

असं ते चाललं ते चाललंच. मागच्या वर्षी थंडीत घड्याळजी गेले. झोपेतच गेले; कुणाला त्रास द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मुलगी लांबून आली, आठवडाभर राहिली, आणि जाताना म्हणाली, "आई, बाबांचं सगळं देऊन टाक. डोळ्यासमोर राहिलं की तुलाच त्रास." बाईंनी ऐकलं. कपडे दिले. हत्यारांची पेटी शेजारच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याला दिली. चष्मा तेवढा राहिला, फळीवर, रेडिओच्या बाजूला. फळी पुसताना तो उचलला की ती ढिली काडी आपोआप उघडायची, जसा कुणी हात पुढे करावा. बाईंना ते सहन होईना. म्हणून त्या दिवशी तो रुमालात बांधून आणला. इतकी वर्षं जे करते म्हणत होत्या, ते एकदाचं करून टाकू म्हणून.

आणलेला चष्मा त्यांनी टेबलावर काढून ठेवला. तेवढ्यात बाहेर हॉर्न ओरडला, "काकू, पेट्या उतरवून घ्या! वाऱ्यानं ताडपत्री उडतेय!" बाई पळाल्या. पेट्या आत घेतल्या, दार लोटलं, परत टेबलाशी बसल्या, आणि हात कामाला लागले.

आता सतरा वर्षांचे हात. चष्मा दिसला की परातीत. परातीतून फडक्यावर, फडक्यावरून यंत्राखाली. बाई चष्मा बघत नसत, नंबर बघत. संध्याकाळपर्यंत एकशे दहा पाकिटं झाली; वाऱ्याच्या घाईत स्क्रू तेवढे आवळायचे राहिले. दार लावताना पिशवी हलकी लागली खरी. पण डबा रिकामा होता, हलकी लागणारच.

रविवारी त्यांनी फळी पुसायला घेतली. रेडिओ उचलला. फडकं फिरलं, आणि जिथं अडायचं तिथं अडलं नाही.

सोमवारी पहाटेच त्या खोलीवर गेल्या. वही उघडली. त्यांच्याच अक्षरात, वळणदार, शाई कुठं फुटलेली नाही, अशी नोंद होती: 'काळी फ्रेम, जाड. उजवी काडी तारेनं बांधलेली. उजवा अडीच, डावा सव्वा, डाव्यात सिलिंडरचा तिरका नंबरही. जोड मिळणं कठीण.'

बाई खुर्चीत बसल्या. नवऱ्याचा चष्मा हातात घेतला, धुतला, पुसला, त्याच्या तारेबद्दल वहीत लिहिलं, आणि ओळखला नाही. त्यातही एक बोच वेगळीच. गावातल्या हजारो लोकांचे नंबर त्यांनी काढले होते, घड्याळजींचा नंबर त्यांना त्या नोंदीपर्यंत ठाऊक नव्हता. अडीच आणि सव्वा. दोन डोळ्यांत एवढा फरक. एवढी वर्षं हा माणूस असा वाकडा का बसतो, मान डावीकडे का टाकतो, म्हणून त्या चिडायच्या. तो डाव्या डोळ्यानं बघत होता, एवढंच.

आणि नोंदीच्या पुढे, मॅडमच्या अक्षरात: 'शुक्रवारी दिला. सुई ओवली.'

असले वाकडे नंबर वर्षानुवर्षं खणात पडून राहतात. शेवटच्या खणाला बाई 'बिनलग्नाचे' म्हणायच्या. आणि हा नेमका दुसऱ्याच दिवशी उजवला गेला! म्हणजे कुठंतरी, दोन तासांच्या वाटेवर, घड्याळजींसारखेच डोळे असलेला एक जीव होता. बाईंना रडू आलं नाही. अंगात नुसती घाई भरली.

"मॅडम, तो चष्मा मला परत पाहिजे."

मॅडमनी सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, दिलेलं परत मागायचं नाही. आपल्याकडचा पहिला नियम. मला तो तुम्हीच शिकवलाय."

खरंच होतं. चार वर्षांमागे एक बडं प्रस्थ मोटारीतून उतरलं होतं. चुकून चांगला चष्मा पेटीत पडला, सोनेरी काड्यांचा, तो परत हवा. बाईंनी दारातच त्याला ऐकवलं होतं, "साहेब, देताना हात पुढे येतो, तो मागं नेताना वाईट दिसतो. तो चष्मा लावून आता कुणीतरी आपल्या नातवाचं तोंड बघतंय. जाऊन नाकावरून ओढून आणू?" साहेब परत मोटारीत जाऊन बसले. हॉर्ननं ती गोष्ट तिखटमीठ लावून गावभर केली होती. बाईंना तेव्हा बरं वाटलं होतं. आता तेच शब्द परातीतल्या पाण्यातून वर बघत होते.

"मी ओढून नाही आणणार," त्या म्हणाल्या. "बदली देईन. तोच नंबर, नवाकोरा, दुकानातून करून. त्यांचं काही अडणार नाही."

मॅडमनी वहीतला नंबर चिठ्ठीवर उतरवून घेतला. "नियम मोडतोय आपण."

"मोडू द्या. मीच जोडला होता."

नवा चष्मा मॅडमच्या ओळखीनं झाला. पण त्या वस्तीवर गाडी तीन महिन्यांनी जायची. ते तीन महिने बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. सकाळी परात, दुपारी पाकिटं, सगळं चालू होतं. फक्त एक खोड लागली. यंत्राखाली चष्मा धरला की आधी मनात म्हणायच्या, अडीच-सव्वा. आणि निघायचा एक-एक, दोन-दोन, सरळ साध्या माणसांचे सरळ साधे नंबर. घरी रेडिओच्या बाजूला फळीवर एक कोरी जागा होती. तिथं त्यांनी काही ठेवलं नाही. मुलीला फोनवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "चष्माच ना गं, आई?"

एरवी बाई वस्त्यांवर जात नसत; गाडीत त्यांना मळमळायचं. त्या शुक्रवारी त्या हॉर्नच्या शेजारी जाऊन बसल्या.

"काकू, आज कुणीकडं सूर्य उगवला?"

"समोर बघून चालव. उगवायचा तिथंच उगवलाय."

वस्ती रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली. पत्रे, फळ्या, जुन्या फलकांच्या भिंती. ज्या जोडे शिवणाऱ्या आजीला चष्मा दिला होता, ती फेरतपासणीला आली नाही. "ती आता कामाला बसली की उठत नाही," रांगेतली एक बाई म्हणाली. "पूर्वी चार वर्षं रिकामी बसली, त्याचं उट्टं काढतेय. नाक्यावर जा, ठोकल्याचा आवाज येईल."

आवाज आला. बसथांब्याच्या मागं एक पत्र्याची टपरी. दाराशी चपलांचा ढीग, आत अंधार, आणि अंधाराच्या तोंडाशी, उजेड पकडून, एक वाळकी म्हातारी. मांडीवर बूट. नाकावर तो.

बाई थबकल्या. कितीतरी वेळा मनात घोकलेलं वाक्य होतं, ते गेलं.

"काय? चप्पल का बूट?" म्हातारीनं मान वर न करता विचारलं.

"काही नाही आजी. मी चष्म्याच्या संस्थेतून आले."

आता मान वर आली. काळ्या फ्रेमच्या आड दोन डोळे, उजवा मोठा दिसणारा, डावा बारीक. मान डावीकडे पडलेली होती.

"बरी आलीस गं पोरी! हा मेला नाकावर ठरत नाही. टाक्याला एकदा वर सारावा लागतो. तेवढा घट्ट करून दे, की मी मोकळी."

बाईंच्या पिशवीत नवा चष्मा होता आणि बारीक पेचकसही होता. मिनिटाचं काम. हात पिशवीकडे गेला.

तेवढ्यात चष्मा घसरला. म्हातारीच्या बोटांना खळ लागलेली, म्हणून तिनं मनगटाची मागची बाजू वर नेली, चष्मा सारला, आणि सारताना नाक जरासं मुरडलं.

पिशवीतला हात पिशवीतच राहिला.

"देते ना," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांना परका वाटला. "आधी हातातला जोड होऊ दे."

"मग बस. उभी राहून उजेड अडवू नकोस."

बाई उंबऱ्यापाशी एका डब्यावर बसल्या. म्हातारी टाका घालत होती. आरी चामड्यातून जायची, दोरा मागून यायचा, दोन्ही हात पसरून ताणला जायचा, आणि चष्मा खाली. मनगट वर. नाक मुरडलं. पुन्हा टाका. बाई बघत राहिल्या. जन्मभर जी खोड त्यांनी नवऱ्याची समजून हिणवली, ती नवऱ्याची नव्हतीच. त्या ढिल्या स्क्रूची होती. तो चष्मा ज्या नाकावर बसेल त्याला तसंच करावं लागणार. बाईंना वाटलं होतं ते सगळं जिन्याखालच्या स्टुलावरून उठून गेलं. आणि ते इथं होतं, खळीच्या वासात, दर टाक्याला.

एक बूट झाला. दुसरा झाला. एक गिऱ्हाईक चप्पल टाकून गेलं, म्हातारीनं तीही घेतली. बाई डब्यावरून हलल्या नाहीत. आपण पाप करतोय हे त्यांना कळत होतं. समोर एका बाईची मान अवघडतेय, हात दुखतोय, आपल्या पिशवीत त्यावरचा इलाज आहे, आणि आपण तो दाबून बसलोय. आणखी एक टाका. एकच.

म्हातारीनं दोरा दातानं तोडला आणि आरी खाली ठेवली.

"तू केव्हाची माझ्याकडं बघतेयस," ती म्हणाली. "पण मला नाही बघत. कोण आहे गं?"

बाईंनी मग सगळं सांगितलं. वारा, पेट्या, परात, वही. म्हातारी ऐकत होती. मध्ये कुणी चप्पल घेऊन आलं, तिनं हातानंच 'थांब' म्हटलं.

"कधी गेला?"

"मागच्या थंडीत."

"कसा होता?"

"घड्याळं दुरुस्त करायचे."

"ते नाही विचारलं."

"चहा झाला की कप स्वतः विसळून पालथा घालायचे. आणि मी बोलले की लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी ऐकायचे."

"मग भाग्याची आहेस. आमचा बोलायच्या आधीच उत्तर द्यायचा." म्हातारीनं चष्मा काढला आणि पुढे धरला. "घे. नेऊन टाक."

चष्म्याशिवाय ते डोळे बिनपाण्याचे दिसत होते. धरलेला हात बाईंच्या एक वीतभर बाजूला होता. बाई कुठं बसल्यात ते तिला नीटसं दिसत नव्हतं. त्या हातावर, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, बारीक काळे डाग होते. त्या चार वर्षांत न दिसता मधूनमधून आरी चालवून बघितल्याची भोकं.

"आजी, हात मागं घ्या," बाई घाईनं म्हणाल्या. "मी नवा आणलाय. हाच नंबर. तुम्हाला तसंच कशी ठेवीन?"

"मग आल्या आल्या का नाही दिलास?"

बाई पिशवीतून नवा चष्मा काढू लागल्या. म्हातारीनं पुन्हा विचारलं नाही. नुसती "हं" म्हणाली.

नवा चष्मा बाईंनी स्वतः चढवला. काड्या हातावर चोळून ऊन केल्या, कानामागं वळवल्या, नाकावरच्या गाद्या दाबून बसवल्या, मागं सरून बघितलं, पुन्हा पुढं होऊन उजवी बाजू एक केसभर खाली घेतली. सतरा वर्षांत एवढा बेतून चष्मा त्यांनी कुणाला बसवला नव्हता. मग सुई दिली. म्हातारीनं एका फटक्यात ओवली.

"आता खाली बघा. मान हलवा. घसरतो?"

"नाही गं. चिकटल्यासारखा बसलाय!" म्हातारीनं टपरीभर बघून घेतलं. "अगं बाई, किती जळमटं ही! जुना बरा होता, एवढं दिसत नव्हतं."

दोघी हसल्या. बाईंच्या हातात आता घड्याळजींचा चष्मा होता. त्यांनी तो पालथा केला. उजव्या काडीवर तांब्याची तार नव्हती. तिथं पातळ मऊ चामड्याची खोळ होती, बारीक टाक्यांनी शिवलेली.

"तार कुठं गेली?"

"कानाला टोचायची, काढली. चांगली होती पण, टाकवेना. एका शिपायाच्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्यात वापरली." म्हातारीनं बाईंचं तोंड बघितलं. आता तिला सगळं दिसत होतं. "तीसुद्धा हवी होती का?"

"नाही. चालू दे," बाई म्हणाल्या. "चालण्यातच आहे ना."

"बरं, ह्या जुन्याचं काय करशील घरी नेऊन?"

"फळीवर ठेवीन. होता तसा."

"फळीला काय दिसतंय?" म्हातारी म्हणाली, आणि थांबवलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारून त्याची चप्पल मांडीवर घेतली.

लांबून हॉर्न ओरडत होता, "भिंगबाई होऽऽ!" बाई उठल्या. टपरीच्या कोपऱ्यावरून त्यांनी एकदा वळून पाहिलं. म्हातारीनं टाका ओढला, आणि सवयीनं मनगट वर गेलं. सारायला काही नव्हतं. मनगट तिथंच थोडं घोटाळलं, मग खाली आलं.

परतीच्या वाटेवर मॅडम मागच्या बाकावर पेंगत होत्या. बाई खिडकीतून खाली बघत होत्या. गाडी जिथं थांबेल तिथं, उतरणाऱ्यांच्या, चढणाऱ्यांच्या, रस्ता ओलांडणाऱ्यांच्या पायांकडे.

"काकू, काय हरवलं?"

"चपला बघतेय."

"घ्यायच्यात नव्या?"

"नाही रे. एकीच्या अंगठ्याला तांब्याची तार आहे. दिसली तर सांग."

हॉर्ननं त्यांच्याकडे तिरकं पाहिलं. गाडी लागल्यानं माणूस काहीबाही बोलतं, असं त्याला वाटलं असावं. पण पुढच्या थांब्याला तोही खाली बघू लागला.

घरी त्या चष्मा फळीवर ठेवून झोपल्या. सकाळी चहा झाला. फळीकडे बघितलं. काडी उघडी होती. चामड्याची खोळ, खळीचा वास, आणि त्याच्या पुढे रेडिओ. बाईंनी वाट पाहिल्यासारखं थोडं थांबून घेतलं. मग कप विसळून पालथा घातला, चष्मा रुमालात बांधला आणि दाराला कुलूप लावलं.

खोलीवर वारा नव्हता. खिडक्या उघड्या होत्या. बाईंनी परात भरली. घड्याळजींचा चष्मा पहिला बुडवला, एकटाच. धुतला, टिपला, यंत्राखाली धरला. अडीच आणि सव्वा. मग बारीक पेचकस काढला. स्क्रू दोन फेऱ्यांत बसला. काडी जिथं थांबवावी तिथं थांबायला लागली. त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मिटली. पाकीट घेतलं, वर नंबर लिहिला, आणि वहीत नोंद केली: 'काळी फ्रेम, जाड. उजव्या काडीला चामड्याची खोळ, हातशिलाई.' पुढे 'जोड मिळणं कठीण' लिहायला पेन टेकवलं, आणि ते न लिहिताच उचललं.

पाकीट बिनलग्नाच्या खणात गेलं, सगळ्यांच्या वर.

बाहेर पेट्या उतरत होत्या. बाईंनी परातीतलं पाणी बदललं, साबणाचा चुरा टाकला, आणि त्या दिवसाचे वीस चष्मे एकेक करून, या खेपेला प्रत्येकाकडे नीट बघत, पाण्यात सोडले.